मुक्काम किती, ते आधी ठरवा

पत्र : माझे वय ४८. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घरात सासरे, यजमान, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि मी असे चौघे आहोत. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत आणि त्यांचा कारखाना सुरू आहे. माझी ७४ वर्षांची आई सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरजवळच्या गावी एकटी असते. मला भाऊ नाही. भाऊबंद शेजारी आहेत. एप्रिलमध्ये माझी मावशी कोरोनाने गेली, पण दोघी बहिणींची शेवटची भेट होऊ शकली नाही. तेव्हापासून आई एक दिवस 'तू येऊ नकोस' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी फोनवर रडते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तिने लशीचा पहिला डोस घेतला. दुसऱ्या डोसला तिला घेऊन जायच्या निमित्ताने तरी जाऊन यावे, असे मनात आहे. दिराचा मुलगा म्हणतो, "आजींना सिरियस दाखवू, ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला लावू, जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास लगेच मिळेल. नाही तर विट्याकडून पुसेसावळी-औंधच्या रस्त्याने नाका चुकवून जाऊ." महापुरात आम्ही सगळे बारा दिवस आईकडे राहिलो होतो. आज तिला गरज असताना मी घरात बसून आहे, हे सहन होत नाही. दुसरीकडे ७८ वर्षांचे सासरे रोज सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडतात आणि दोन तासांनी परततात, मास्क हनुवटीवर. काही बोलले की अबोला धरतात. मी काय करावे?
एक वाचक, सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

हे उत्तर मी मे २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात लिहीत आहे. नियम आठ-पंधरा दिवसांनी बदलत असल्यामुळे तारीख आधीच सांगितलेली बरी; पुढे येणारे लशीचे, प्रवासाचे आणि पासचे नियम या तारखेपुरतेच समजावेत.

तुमच्या पत्रातील एका शब्दापाशी मी थांबले. महापुराबद्दल लिहिताना तुमच्या लेखणीतून 'राहिलो' असे क्रियापद येते आणि आज आईकडे निघायचा विषय आला की 'जाऊन यावे' असे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, गावभागात पाणी शिरले आणि तुम्ही सर्वजण आईच्या घरी पोहोचलात, तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसेल. पाणी उतरेपर्यंत तुम्ही तिथे राहिलात. आत्ताच्या दिवसांतही मला तोच हिशेब खरा वाटतो. आईकडे जायचे असेल तर राहायला जा. राहणे जमणार नसेल, तर नुसते तोंड दाखवून येण्यासाठी जाऊ नका. तुम्ही 'जाऊ की नको' असे विचारले आहे, पण त्याआधी मुक्काम किती दिवसांचा करता येईल ते ठरवावे लागेल, आणि ते ठरले की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप मार्गी लागतील.

आधी दुसऱ्या डोसचे पाहू, कारण ते सोपे आहे. आईंच्या लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर लशीचे नाव छापलेले असते, ते वाचून घ्या. कोविशील्ड असेल, तर १३ मे रोजी केंद्र सरकारने दोन डोसमधील अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केले आहे. आईंचा पहिला डोस ३० मार्चचा असल्याने १२ आठवडे २२ जूनला पूर्ण होतात आणि १६ आठवडे २० जुलैला, म्हणजे थेट आषाढी एकादशीला. त्याआधी केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहणे म्हणजे हात हलवत परतण्यासाठी गर्दीत शिरणे होय. कोव्हॅक्सिन असेल तर मात्र अंतर ४ ते ६ आठवड्यांचे आहे आणि ती मुदत उलटून गेली आहे. मग जूनची वाट न पाहता याच आठवड्यात त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायला हवे. त्या कामासाठी सांगलीहून कोणी जाण्याची गरज नाही. शेजारच्या भाऊबंदांपैकी एकाने मोटारसायकलवर नेले तरी ते तासाभराचे काम आहे. पहिल्या वेळी जो मोबाइल क्रमांक आणि जे ओळखपत्र दिले होते तेच सोबत हवे आणि लसही तीच हवी, इतके त्याला बजावून सांगा. पहिल्या वेळी नोंदणी कोणाच्या मोबाइलवरून केली, हेही विचारून ठेवा. खेड्यात एकाच मोबाइलवर चौघांची नावे असतात आणि ओटीपी भलत्याच घरी जाऊन पडतो.

आता प्रवासाचा नियम पाहू. २२ एप्रिलच्या रात्री ८ वाजल्यापासून राज्यात जे निर्बंध लागू झाले आणि जे आता १ जूनच्या सकाळी ७ वाजेपर्यंत वाढवले आहेत, त्यांनुसार एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याची मुभा अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय आणीबाणी, अंत्यविधी आणि कुटुंबातील गंभीर आजारपण यांसारख्या टाळता न येणाऱ्या कारणांनाच आहे. विनाकारण प्रवासाला १०,००० रुपये दंड आहे. एसटीने किंवा रेल्वेने परगावाहून उतरणाऱ्याच्या हातावर १४ दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारण्याची तरतूदही त्याच आदेशात आहे. यावर जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यापुरते आणखी कडक आदेश काढू शकतात आणि काढतातही, त्यामुळे निघायचे ठरले तर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांचे त्या दिवशीचे आदेश वाचूनच निघावे. आईला एकटे वाटते, हे कारण या यादीत कुठेही नाही. यादी करणाऱ्यांना आई नसते असे मी म्हणणार नाही. पण एकटेपणासाठी पास द्यायचा ठरवला, तर तो कोणालाच नाकारता येणार नाही, हेही समजण्यासारखे आहे.

दिराच्या मुलाने जे सुचवले आहे, त्याबद्दल दंडाची किंवा गुन्ह्याची भीती मी तुम्हाला घालणार नाही. तुम्ही जाणत्या आहात. खोटा दाखला देणारे डॉक्टर किती अडचणीत येतील, तेही तुम्हाला कळते. मला दुसरीच गोष्ट दिसते. पासवर 'आई गंभीर आजारी' असे लिहून तुम्ही गावात शिरलात की बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामदक्षता समितीचा पहिला प्रश्न असेल, "आक्काला काय झालंय?" त्यावर तुम्ही काय सांगणार? खोटे आहे म्हणालात, तर तुम्ही खोट्या पासावर आलात हे गावभर होईल. खरे आहे म्हणालात, तर ज्या बाईची बहीण महिन्यापूर्वी कोरोनाने गेली ती आता स्वतः गंभीर आजारी आहे, एवढेच गाव ऐकेल. दुसऱ्या दिवसापासून रतीबवाला दूध फाटकाबाहेर ठेवून निघून जाईल, धुण्याभांड्याला येणारी येणार नाही आणि पाणी आणून देणारी शेजारची सून चार दिवस फिरकणार नाही. तुम्ही दोन दिवसांत सांगलीला परताल. आजारी नसलेल्या आईंना मात्र आजारी म्हणून ते दिवस काढावे लागतील.

विट्याकडच्या रस्त्याने नाका चुकेल, हे खरे असू शकते. पण चोरवाटेने गेलेला माणूस कोणत्याच नोंदीत नसतो. चौथ्या दिवशी तुम्हाला कणकण वाटली, तर आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, 'मी सांगलीहून आले आहे' असे सांगायला तुमची जीभ अडखळेल, आणि या आजारात ते अडखळलेले दोन दिवसच महागात पडतात. माझी आजी प्लेगच्या आठवणी सांगायची. गाव ओस पडायचे, माणसे रानात झोपड्या घालून दोन-दोन महिने राहायची, आणि सर्वांत जास्त बोलणी कोणी खाल्ली असतील तर ती घरातला राहिलेला तांब्या आणायला रात्री चोरून गावात जाऊन आलेल्या माणसाने. आजच्या आदेशांवर ज्या साथरोग कायद्याचा उल्लेख असतो तो १८९७ चा, त्याच प्लेगच्या काळातला. त्यामुळे सरकारी आदेश वाचताना मला हमखास आजीचा तांब्या आठवतो.

धावत्या भेटीचा माझा स्वतःचा अनुभवही सांगते. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला खासगी वाहनांसाठीची ई-पासची अट उठली आणि त्याच आठवड्यात मी साताऱ्याहून शिराळा तालुक्यात आत्याकडे गेले. अंगणात खुर्ची टाकून, सहा फुटांवर, तीन तास बसले. तिने चहा केला तो मी घेतला नाही, याचे तिला वाईट वाटले. "सगळं हाय, काय कमी न्हाई," असे ती चार वेळा म्हणाली आणि मी समाधानाने परतले. महिन्याभराने तिला चक्कर आली तेव्हा कळले, की बाजारच्या गावाहून औषधे आणून देणारा मुलगा येईनासा झाल्यामुळे ती जूनपासून रक्तदाबाची गोळी अर्धी-अर्धी करून घेत होती. मी गेले त्या दिवशीही फडताळात अर्ध्या गोळ्यांची पुडी होती. मी अंगणातूनच परतले, त्यामुळे मला तुळस दिसली, फडताळ दिसले नाही. तेव्हापासून मी 'कशी आहेस' हा प्रश्न विचारणे सोडले आहे, कारण आपल्याकडच्या बायका त्याचे उत्तर 'बरी आहे' असेच देतात; अगदी तापाने फणफणत असल्या तरी.

त्याऐवजी मोजता येईल असे विचारा. पाकिटात गोळ्या किती उरल्या, डब्यात पीठ कोणत्या रेघेपर्यंत आहे, गॅसची टाकी कधी लावली, कालची भाजी कोणती होती, फोनचे रिचार्ज कधी संपते, हे प्रश्न रोज थोडे-थोडे विचारले की आठवड्याभरात आईंचे घर तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहील. भाजीचे उत्तर सलग तीन दिवस 'चटणी-भाकरी' आले, तर एक तर भाजी मिळत नाही किंवा करून खाण्यातले मन उडाले आहे, आणि या दोहोंवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती मोडू नका. दुपारी चार ही चांगली वेळ आहे, कारण जेवण आणि दिवेलागण यांच्या मधला हा वेळ एकट्या माणसाला खायला उठतो.

ज्या गोष्टींची उणीव निघेल, त्यांतील बहुतेक तुम्हाला सांगलीतूनच भरून काढता येतील. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो रहिमतपूरच्या औषध दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवा, पैसे मोबाइलवरून द्या आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून ठेवायला सांगा. गावातून बाजाराला जाणारे कोणी तरी ती पिशवी घेऊन येईल. आईंचे पैसे बँकेत असतील आणि खाते आधारशी जोडलेले असेल, तर पोस्टमन घरी येऊन अंगठ्याच्या ठशावर रोख रक्कम देतो. ही सोय गेल्या वर्षीच्या टाळेबंदीत फार उपयोगी पडली, तरी अजून पुष्कळांना ती माहीत नाही. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा एक ऑक्सिमीटर त्याच औषध दुकानातून मागवा आणि तो वापरायला आशाताईंकडून शिकून घ्यायला सांगा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्या घरोघर हेच काम करत होत्या. बोट गार नसावे, पाच मिनिटे शांत बसून आकडा पाहावा, मग घरातल्या घरात तीन मिनिटे चालून पुन्हा पाहावा. साठीपुढच्या माणसांना सहाऐवजी तीनच मिनिटे पुरतात. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून अधिकने घसरला, तर वाट पाहायची नाही, डॉक्टरांना कळवायचे, आणि दम लागत असेल तर १०८ ला फोन करायचा. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवायला शेजारच्या मुलाला सांगा.

भाऊबंदांबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिले आहे, त्यावरून संबंध फार गोडीचे नसावेत असा माझा तर्क आहे. बांधावरून कधीच काही झाले नाही, असे भाऊबंद आपल्याकडे शोधावेच लागतील. तरीही आज आईंच्या हाकेच्या अंतरावर तेच आहेत. त्यांच्यापैकी जी सून पाणी आणून देते, तिच्याशी तुम्ही स्वतः बोला, पुरुषांमार्फत निरोप नको. आईंसाठी तिच्या हातून जो खर्च होतो, तो महिन्याच्या शेवटी विचारत बसण्यापेक्षा हजार-दोन हजार रुपये आधीच पाठवून ठेवा. उसनवारी साचली की मदत आटते.

आता खरे दुखणे. माझ्या समजुतीप्रमाणे आईंचे रडणे एकटेपणाचे कमी आणि बहिणीचे अधिक आहे. मावशींना शेवटचे पाहता आले नाही, दुखवट्याला पाहुणे आले नाहीत, चार बायका गळ्यात पडून रडल्या नाहीत; जे दुःख दहा-बारा दिवसांच्या येण्याजाण्याने थोडे हलके होते, ते तसेच आत राहिले. 'तू येऊ नकोस' आणि दुसऱ्या दिवशीचे रडणे या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत: बहीण गमावलेल्या बाईला लेक धोक्यात घालायची नाही आणि लेक जवळही हवी आहे. तेव्हा चारच्या फोनवर मावशींचा विषय टाळू नका. दोघी लहानपणी काय करायच्या, कोणत्या वर्षी भांडल्या, मावशींच्या हाताची कोणती भाजी आईंना कधीच जमली नाही, हे त्यांना विचारा आणि रडल्या तर रडू द्या. मावशींच्या मुलांनाही आठवड्यातून एकदा आईंना फोन करायला सांगा. त्यांनाही आईच्या पिढीतला आवाज हवाच असेल. मात्र गावातल्या आणि आसपासच्या बायका आता 'भेटायला' म्हणून घरात येऊन बसू लागल्या असतील, तर त्यांना अंगणात, झाडाखाली, लांब-लांब बसवायची व्यवस्था शेजारच्या सुनेकडून करून घ्या. आईंना स्वतःहून कोणाला दारात थोपवता येणार नाही, म्हणून हे काम दुसऱ्याने करायला हवे.

एवढे सगळे केल्यावरही असे दिसले की गोळ्या वेळेवर घेतल्या जात नाहीत, जेवण होत नाही, रात्री झोप नाही किंवा रक्तदाब हाताबाहेर जातो आहे, तर तुम्ही जायलाच हवे आणि त्यासाठी खोटे बोलण्याची गरज उरणार नाही. आईंना पाहणाऱ्या रहिमतपूरच्या डॉक्टरांना फोनवर स्थिती सांगा. त्यांना तपासणीत तसे आढळले, तर रुग्णाजवळ घरचे माणूस असणे आवश्यक आहे, असा खरा दाखला ते देतील. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पासचा अर्ज विनाशुल्क भरता येतो. फोटो, वाहन क्रमांक, सोबत्यांची संख्या, जाण्याच्या आणि परतण्याच्या तारखा, कारण आणि सर्व कागद एकाच फाइलीत जोडून अर्ज पाठवला की टोकन क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, कारण पास मंजूर झाला की नाही ते त्यावरूनच पाहायचे असते आणि पास उतरवूनही त्यावरूनच घ्यायचा असतो. हे ऑनलाइन जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज करता येतो. अर्ज नाकारला गेला तर चिडून विट्याचा रस्ता धरू नका. नकाराचे कारण पाहा. पुष्कळदा कागद अपुरा असतो.

मुक्कामाचा हिशेब असा करा. पहिले १४ दिवस तर तुम्ही एका खोलीत किंवा माडीवर वेगळ्याच राहणार. आईंशी बोलणे उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड, दोघींच्या तोंडावर मास्क, जेवणाचे ताट वेगळे. खऱ्या अर्थाने आईंच्या शेजारी बसणे पंधराव्या दिवसापासून सुरू होईल. म्हणून तीन आठवड्यांहून कमी मुक्कामाला मी जाणे म्हणणार नाही, आणि सवड असेल तर सरळ जूनअखेरपर्यंत राहा, म्हणजे लस कोविशील्ड असल्यास दुसरा डोसही तुमच्याच देखत होईल. निघण्यापूर्वी आरटी-पीसीआर चाचणी करा, पण अहवाल निगेटिव्ह आला म्हणून माडीवरचे दिवस कमी करू नका. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला चार-पाच दिवस आणि क्वचित १४ दिवसही लागतात, त्यामुळे एका दिवसाची चाचणी त्या दिवसापुरतेच सांगते.

यजमानांनी एका सकाळी सोडून त्याच दिवशी परतायचे, असा पास घ्या. पेठ नाक्याला महामार्गाला लागून कराड, उंब्रज, मसूर असा रस्ता धरला तर कासेगाव मागे टाकल्यावर मालखेडच्या अलीकडे जिल्ह्याची हद्द लागते. पासची छापील प्रत आणि आधार कार्ड तिथे हाताशी असू द्या, डिकीत नको. पेट्रोल सांगलीतच भरा, भाकरी-चटणी आणि पाणी घरचे घ्या, वाटेत कुठे उतरू नका. फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे तासवडेच्या टोलवर पैशांची देवघेव करावी लागत नाही, ही एक बरी गोष्ट झाली. गाडीच्या काचा उघड्या ठेवा. मे महिन्यातल्या उन्हात हे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. पहिल्या पंधरवड्याचा किराणा, स्वतःची औषधे आणि साबण-पेस्टसुद्धा सोबत न्या, म्हणजे गावच्या दुकानात पाऊल टाकायला नको. निघण्याच्या आदल्या दिवशी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन करून 'मी अमुक दिवशी पास घेऊन येत आहे आणि चौदा दिवस माडीवर राहणार आहे' असे सांगा. गेल्या वर्षी बाभळीच्या फांद्या टाकून वेशी बंद करणारी हीच गावे आधी कळवून आलेल्या लेकीला सहसा अडवत नाहीत. न कळवता आलेल्याला अडवतात.

आईंनाच सांगलीला आणावे, असाही विचार तुमच्या मनात आला असेल. मी तो आत्ता करणार नाही. तुमच्या घरातून यजमान रोज कारखान्यात जातात आणि सासरे रोज बाजारात. गावातील एकट्या घरापेक्षा तुमच्या घरातली चार माणसे आईंना अधिक धोक्याची आहेत. शिवाय पावसाळा तोंडावर आला आहे आणि तुम्ही राहता गावभागात.

हा धोका तुमच्याबरोबर आईंच्या घरीही जाऊ शकतो, आणि इथेच सासऱ्यांचा विषय येतो. किराण्याला आणि भाजीला सकाळी ७ ते ११ अशी चारच तासांची मुभा दिल्यामुळे सगळी सांगली त्याच वेळी रस्त्यावर येते, आणि ही व्यवस्था मला काही फार शहाणपणाची वाटत नाही. परंतु आहे ती अशी आहे. सासरे दोन तास भाजी निवडत नाहीत, ते माणसांत जातात. त्यांना बाजारातून काढून घरात नुसते बसवले तर ते अबोला धरणारच. गल्लीतून फिरणाऱ्या हातगाडीवाल्याला रोज सातला तुमच्याच दारात थांबायला सांगा, आणि भाजी घेण्याचे, भाव पाडण्याचे काम सासऱ्यांचेच ठेवा. त्यांच्या जोडीदारांपैकी कोणी समोर राहत असेल, तर दोघांच्या खुर्च्या आपापल्या दारात टाकल्या की गप्पा गल्लीच्या रुंदीवरून होतात. मास्क हनुवटीवर येण्याचे कारण बहुधा हट्ट नसून चष्मा असतो: श्वासाची वाफ काचेवर धरते आणि पुढचे दिसेनासे होते. कानाला अडकवण्याऐवजी डोक्यामागे नाड्या बांधायचा सुती मास्क शिवून घ्या, नाकावर घट्ट बसेल अशी पातळ पट्टी त्याच्या वरच्या काठात घाला आणि चष्मा त्या काठावर टेकवायला सांगा.

आणि त्यांना शिस्त लावण्याच्या भाषेत बोलू नका. महापुरात ते बारा दिवस तुमच्या आईंच्या घरी जेवले आहेत. "मला आईकडे जायची वेळ येऊ शकते; त्याआधी आठ दिवस आपल्या घरात बाहेरचे काही येऊ नये, एवढी तुम्ही विहीणबाईंसाठी काळजी घ्याल का," असे विचारून पाहा. माझ्या अंदाजाने ते दुसऱ्या दिवशी स्वतः फाटकाला कडी घालतील, आणि तुम्ही गेल्यावर मागे घर सांभाळण्याची जबाबदारीही त्यांना आपली वाटेल. स्वयंपाकाचे मात्र मुलाला आत्तापासून शिकवा. कुकर लावणे आणि पोळ्या, एवढे आले तरी तीन आठवडे निभावतात.

आज चार वाजता फोन कराल, तेव्हा आईंना आधी चष्मा लावायला सांगा आणि गोळ्यांचे पाकीट खिडकीपाशी उजेडात धरायला सांगा. औषधाचे नाव मागच्या चंदेरी पत्र्यावर बारीक अक्षरांत असते आणि गोळ्या काढताना नेमका तोच भाग फाटतो, म्हणून अक्षर न् अक्षर वाचून घ्या, उरलेल्या गोळ्या मोजायला लावा, आणि कापलेली अर्धी गोळी कुठे ठेवली आहे का, तेही सहज विचारा.